कपाटाचं वजन

माझं भंगाराचं दुकान आहे. नवरा गेल्यापासून एकटीच चालवते आणि एक गोष्ट ताठ मानेनं सांगते: माझ्या काट्यात खोट नाही. लोखंड असो, पितळ असो, रद्दी असो, काटा सांगेल ते वजन. गिऱ्हाईक गोड बोललं तरी तेच आणि रडलं तरी तेच. एकोणीस वर्षांत मी एकदाच खोटं वजन सांगितलं. कुणाला आणि का, ते सांगायला बसले आहे. मधे कुणी अक्कल शिकवू नये, माझी मी पुरेशी आहे.

दुकानाच्या वर दुसऱ्या मजल्यावर एक कुटुंब राहतं. नवरा, बायको आणि मुलगी. नवरा पूर्वी लोकांची बिऱ्हाडं हलवायचा. तीन दारांचं लाकडी कपाट पाठीला पट्टा लावून एकटा जिना चढवायचा, म्हणून त्याला सगळे कपाटच म्हणायचे. मुलगी झाली तेव्हा त्याच्याबरोबरच्या हमालांनी तिचं नाव खण ठेवलं. कपाटाला खण. ती चिडायची, म्हणून ते नाव टिकलं.

सहा वर्षांपूर्वी एका जिन्याच्या वळणावर लोखंडी तिजोरी निसटली आणि कपाट तिच्याखाली आला. जीव वाचला, पण कंबरेखालचं सगळं गेलं. तेव्हापासून तो वरच्या खोलीत खिडकीला लागून असलेल्या पलंगावर आहे. पलंगाला दोर बांधून कूस बदलायला तो आपला आपण शिकला. पण पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून संडासात आणि पुन्हा पलंगावर, हे दुसऱ्यानं उचलल्याशिवाय होत नाही. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. चौतीस पायऱ्या आहेत आणि त्या त्यानंच कधीतरी मोजून ठेवल्या होत्या.

त्याची बायको, जिला मी वहिनी म्हणते, मोज्यांच्या कारखान्यात जोड्या लावते. बाई एवढीशी. वाऱ्यानं उडेल म्हणून मी तिला चेष्टेनं खिशात दगड ठेवायला सांगते. तिच्यानं नवरा उचलणं शक्यच नव्हतं. एकदा माणूस ठेवला. त्यानं काखेत हात घालून कपाटाला पोत्यासारखं ओढलं. आयुष्यभर लोकांच्या काचा आणि आरसे जपून नेणारा माणूस तो. त्या दिवशी म्हणाला, "पुन्हा परक्याचा हात मला लागता कामा नये." मी ते ऐकलं आणि माझ्या सोयीनं पक्कं लक्षात ठेवलं. मी रोज लोखंडाच्या गोण्या हलवते. माझे दंड बघून गिऱ्हाईक भाव करायला कचरतं. पण मी परकी, मग माझा काय संबंध?

राहिली मुलगी. तेव्हा पंधराची होती. उचलायला लागली ती लागलीच. शाळा सुटली, मैत्रिणी सुटल्या. मी तिला रस्त्यावर पाहायची ती कायम अर्धी धावताना, कारण वर कुणीतरी थांबलेलं असायचं. दर रविवारी बापाला पाठीवर घेऊन खाली आणायची आणि माझ्या अंगणात उन्हात बसवायची. तो तिथे बसून माझ्या भंगारात कोणती वस्तू कशी वाहून आणली असेल, यावर मला भाषण द्यायचा. त्याची बडबड मला आवडायची, पण त्याला तसं कधी सांगितलं नाही.

तर मुलगी एकविसाची झाली आणि एका सकाळी कागद घेऊन दुकानात आली.

"काकू, सैन्यात नाव लागलंय."

"कुणाचं?"

"माझं."

मी हातातला हातोडा खाली ठेवला. "दुसरी नोकरी नाही मिळाली?"

"मिळाली होती की. दोनदा. एकदा चौथ्या दिवशी परत आले, एकदा नवव्या. तिकडे बसले की डोळ्यांपुढे बाबांचा पलंग. कुणी धरून ठेवलं नव्हतं ना, मग उठले आणि आले." तिनं कागदाची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. "सैन्यातून असं निघू देत नाहीत. पहिल्या चार आठवड्यांत वाटलं तर नाव काढून येता येतं, त्यानंतर नाही. चार आठवडे काढले की सुटले. मग मला यावंसं वाटलं तरी येता येणार नाही."

एका कोंडीतून बाहेर पडायला पोरगी दुसऱ्या कोंडीवर सही करून आली होती. आणि तिचं चुकलं असंही मला म्हणवेना. मी फक्त विचारलं, "बाबांना कोण उचलणार?"

"तेच तर," ती म्हणाली आणि रडायला लागली.

हजर व्हायला चौदा आठवडे होते. छावणीच्या दारातच चाचणी होणार होती: धावायचं, जोर काढायचे, आणि पासष्ट किलोचा माणूस पाठीवर घेऊन शंभर मीटर जायचं, मधे न टेकवता. नापास झालं तर तिथूनच घरी. कपाटानं कागद दोनदा वाचला. मला वाटलं होतं, आता आकाशपाताळ एक करील. तो म्हणाला, "पासष्ट? गेल्या महिन्यात दवाखान्यात माझं अडुसष्ट भरलं. म्हणजे वर तीन जास्तच. रोज उचलतेसच, आता नीट उचल."

आणि त्यानं शिकवायला घेतलं. पलंगावरून. मी पुष्कळ मास्तर पाहिले, पण असा पाहिला नाही. हातानं उचलू नको, मांडीनं उचल. पाठ सरळ. श्वास उचलण्याआधी घे, उचलताना सोड. पाय कुठे पडणार ते आधी बघून ठेव, ओझं आल्यावर बघायला जाऊ नको. पहाटे साडेपाचला तिला धावायला पिटाळायचा, दुपारी बाराला पुन्हा. "दुपारी मैदान मोकळं असतं, तेव्हाच जा. माझं मी जेवतो, ताट ठेवून जा." हे त्यानं ठरवलेलं वेळापत्रक. मुलगी बिचारी भर उन्हात धावायला जायची.

अंगाचं झालं की मनाचं. कपाटाचं म्हणणं, तिथे पहिल्याच दिवशी कुणीतरी तोंडावर ओरडणार, आणि आपली खण ओरडलं की रडते. तेव्हा तिला अपमानाची सवय करायला हवी. तो ओरडून बघायचा, पण बाप ओरडला की तिला हसू यायचं. वहिनीला ओरडायला सांगितलं, तर तिनं "अगं बाई, नीट उभी राहा ना," एवढंच म्हटलं. शेवटी ते खातं माझ्याकडे आलं. मला कुणी आधी विचारलंसुद्धा नाही, सगळ्यांनी एकमतानं माझंच नाव घेतलं.

रोज सकाळी सहाला ती धावून आली की माझ्या फाटकासमोर ताठ उभी राहायची आणि मी दात घासत घासत तिची खरडपट्टी काढायची. "हे उभं राहणं? ओल्या टॉवेलासारखी काय लोंबतेस?" "बुटाची नाडी बघ, तुझ्या नशिबासारखी सुटलीय." पहिल्या आठवड्यात डोळे भरायचे. दुसऱ्या आठवड्यात नाक लाल व्हायचं. पाचव्या आठवड्यात मी घसा फोडून सांगत होते आणि ही भिंतीकडे बघत मख्ख उभी. मला इतका आनंद झाला की मी आत जाऊन दोघींसाठी चहा ठेवला.

दुसरीकडे वहिनी शिकत होती. कारण ती शिकली नाही तर सगळंच मुसळ केरात. पहिल्यांदा तिनं नवऱ्याला पलंगावरून उचललं तेव्हा दोघं धाडकन जमिनीवर पडली. मी खाली ऐकलं. वर गेले तर वहिनी खाली, तिच्या अंगावर कपाट, आणि मुलगी दारात उभी. तिच्या तोंडावर जे होतं ते मी विसरणार नाही. दार समोर उघडं आहे आणि आपण आत आहोत हे ज्याला कळलं, त्याचं तोंड असं होतं. कपाट मात्र हसला. "चौदा आठवडे आहेत. शिकेल ती. मी शिकवतो."

आणि खरंच, वहिनी शिकायला लागली. चौथ्या आठवड्यात तिनं त्याला टेकवत टेकवत खुर्चीत नेलं. आठव्या आठवड्यात एका दमात. मुलगी तर बापाला घेऊन हां हां म्हणता चौतीस पायऱ्या उतरायची, अंगणात फाटकापासून मागच्या भिंतीपर्यंत पंचवीस मीटर आम्ही टेपनं मोजले होते, त्याच्या चार फेऱ्या घालायची आणि धापसुद्धा लागायची नाही. बापलेकीच्या अंगणातल्या फेऱ्या बघायला शेजारचे यायचे. "बघितलंत?" मी त्यांना सांगायची. "मायलेकी कशा तयार झाल्या!" जसं काही मीच दोघींना घडवलं होतं.

या दिवसांत एक गोष्ट झाली, तिच्याकडे मी नीट बघितलं नाही. माझ्या दुकानापुढच्या पत्र्यावर, वरच्या खिडक्यांखाली, एक भटकी मांजर असते. मी तिला उरलंसुरलं घालते. ती एकाएकी माझ्या बशीकडे बघेनाशी झाली आणि फुगायला लागली. मला वाटलं, पोटुशी आहे. पत्र्यावर कधी पावाचा तुकडा, कधी भाताची शितं, कधी अर्धं उकडलेलं अंडं. मी वरच्या मजल्यावरच्या पोरांना शिव्या घातल्या, अन्नाची नासाडी करता म्हणून. आणि कपाट उकाड्यातसुद्धा जाड स्वेटर घालायचा, त्यावर शाल. "हलता येत नाही, म्हणून थंडी वाजते," म्हणायचा. मीही मान डोलावली.

बाराव्या आठवड्यात, रविवारी सकाळी, मुलगी म्हणाली, "काकू, तिथे बाबा नसणार. अनोळखी वजन असणार. काट्यावर बरोबर पासष्टची गोणी करून द्या, एकदा बघते."

मी जुने पितळी नळ आणि बिजागऱ्या भरून गोणी केली. काट्यावर पासष्ट. तिनं पद्धतशीर पाय रोवले, श्वास घेतला, उचलली. पंधरा पावलांत मान लाल झाली. एकतिसाव्या पावलाला गुडघा दुमडला आणि गोणी धप्पकन खाली.

"घसरलं," ती म्हणाली. पुन्हा उचलली. या वेळी वीस.

"रात्री झोपली नाहीस का?"

"झोपले होते." ती जमिनीवर बसली. "डोक्यात भीती बसलीय, काकू. बाबा म्हणतात ना, अर्धं काम डोक्याचं असतं. काल त्यांना दोन मजले उतरवून चार फेऱ्या केल्या मी. ते अडुसष्ट आहेत. हे तर तीन किलो कमी आहे. मला जायचंच नाहीये बहुतेक. आतून कुणीतरी पाय ओढतंय."

मी म्हटलं, काटा बिघडला असेल. माझ्या तोंडून हे वाक्य पहिल्यांदाच निघालं. शिक्क्याची प्रमाण वजनं काढली, एकेक ठेवून बघितलं. काटा तंतोतंत बरोबर होता. मी वजनं ठेवत होते आणि ती बघत होती, आणि शेवटचं वजन ठेवलं तेव्हा आम्ही दोघींनी एकाच वेळी पत्र्याकडे बघितलं. मांजर ऊन खात पसरली होती, ढेरी एका बाजूला टाकून.

मुलगी वर गेली. पाच मिनिटांत बापाला पाठीवर घेऊन खाली आली आणि सरळ काट्याच्या फळीवर त्याला बसवलं.

"मी काय रद्दी आहे का?" कपाट म्हणाला. "उचल मला. ए, उचल म्हणतो ना."

काटा पंचावन्नवर थांबला. स्वेटर, शाल, सगळं धरून.

वजन हा माझा धंदा. हातात घेतल्याबरोबर ग्रॅमात सांगते. आणि माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच अंगणात, दर रविवारी एक माणूस किलो किलोनं कमी होत होता आणि मी टाळ्या वाजवत होते. मला तोंडात मारल्यासारखं झालं.

"का?" मुलीनं विचारलं.

कपाट जमिनीकडे बघत म्हणाला, "तुझ्या आईला पंचावन्नच्या वर झेपत नाही. बघितलंय मी. त्या दिवशी पडलो ना, तिचं मनगट आठ दिवस सुजलं होतं. तिनं तुला सांगितलं नाही."

"म्हणजे मी जावं म्हणून तुम्ही उपाशी राहणार? मग मी तिथे जाऊन काय करू?"

"जेव," कपाट म्हणाला. "तिथलं जेवण चांगलं असतं म्हणे. तू जेव."

मुलगी त्याच्यावर जे ओरडली, ते मला बारा आठवड्यांत जमलं नव्हतं. मी जाणार नाही, कागद फाडते, तुम्ही मला फसवलंत, माझी ताकद खोटी, आईची ताकद खोटी, सगळं खोटं. आवाज ऐकून वहिनी धावत खाली आली, काट्याकडे बघितलं आणि पायरीवरच बसली. कपाटानं सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाला, "तू गेली नाहीस तर हे सगळं मी मांजरीसाठी केलं असं होईल."

यावर कुणाला हसू आलं नाही. पण ओरडणं थांबलं.

उरलेले दोन आठवडे कसे गेले ते आम्हालाच माहीत. सकाळ-संध्याकाळ वहिनी समोर बसून त्याला खाऊ घालायची. अंगणात मुलगी बापाला पाठीवर घ्यायची आणि त्याच्या गळ्यात मी पितळी नळांची पिशवी अडकवायची, पासष्टला जेवढं कमी पडेल तेवढी. पहिल्या दिवशी दहा किलोची. कपाट अर्धा किलो वाढला की पिशवीतला एक नळ कमी. स्वतःचंच वजन गळ्यात घालून तो लेकीच्या पाठीवर बसायचा आणि कानात सांगायचा, "मांडीनं, मांडीनं." चाळीस पावलं झाली, मग साठ. निघायच्या आदल्या दिवशी चार फेऱ्या पुऱ्या झाल्या. पासष्ट किलो. मी स्वतः तोललं होतं.

निघताना तो सत्तावन्न होता. तिनं खोलीच्या भिंतीवर खडूनं सत्तावन्न लिहिलं आणि मला बाजूला घेतलं.

"काकू, रविवारी पाच मिनिटं फोन करू देतात. आईला विचारलं तर ती सगळं ठीक म्हणेल. बाबा तर काय, खोटारडे. तुम्ही काटा वर न्यायचा, वजन करायचं आणि मला आकडा सांगायचा. सत्तावन्नच्या खाली गेलं की मी त्याच दिवशी सोडून येणार. चार आठवडे मला येता येतं."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर तुमच्यावर."

असं म्हणून ती गेली. कोपऱ्यावर वळताना मागे बघणार नाही असं बापाला कबूल केलं होतं. नाही बघितलं. मीच तिला मख्ख चालायला शिकवलं होतं.

पहिल्या रविवारी मी लहान काटा उचलून दोन मजले चढले. वीस किलोचा असेल. वहिनी म्हणाली, "ताई, तुम्हाला धापसुद्धा लागत नाही हो." मी म्हटलं, सवय आहे. वहिनीनं नवऱ्याला उचलून काट्यावरच्या खुर्चीत बसवलं, मी खुर्चीचं वजन वजा केलं. सत्तावन्न. बाराला फोन वाजला. चाचणीत पास झाली होती. पण तिला तेही सांगायची घाई नव्हती. "काकू, आकडा," म्हणाली. मी सांगितला. मग ती रडली, मग मागे शिट्टी वाजली, फोन बंद.

दुसऱ्या रविवारी अठ्ठावन्न. तिसऱ्या रविवारी एकोणसाठ. "मी सांगितलं होतं ना," कपाट म्हणायचा, मांडीवरची शाल सारखी करत. वहिनी आता एकटी, झोकात त्याला उचलायची. ती आठला कारखान्यात जायची ती दोनला यायची. दुपारचं ताट झाकून पलंगाशी ठेवायची आणि आली की ते लख्ख रिकामं असायचं.

चौथ्या शनिवारी मी मांजरीसाठी बशी ठेवली. तिनं हुंगली आणि तोंड फिरवलं.

मी तिथेच उभी राहिले, बराच वेळ. एक गिऱ्हाईक येऊन हाका मारून निघून गेलं.

रविवारी काटा घेऊन वर गेले. वहिनीनं त्याला खुर्चीत बसवलं आणि चहा ठेवायला आत गेली. काटा साठ दाखवत होता. कपाट माझ्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत होता. मी पुढे झाले आणि त्याच्या मांडीवरची शाल ओढली. खाली दोन पायांच्या मधे पिशवी होती. माझीच. माझेच पितळी नळ. पलंगाखाली राहिले होते आणि मी परत न्यायला विसरले होते. खुर्चीत बसला की पलंगावरची शाल तो स्वतः ओढून मांडीवर घ्यायचा, तिच्यात गुंडाळून ते यायचे. पाय बधिर, त्यामुळे त्याला त्यांचा भार कळत नव्हता.

मी पिशवी उचलली. चोपन्न.

"चार रविवार?" मी विचारलं.

"पहिल्यांदा एक नळ होता," तो हळूच म्हणाला. "ताई, आज चौथा. एवढा एक निघू दे."

"मला खोटं बोलायला सांगताय? मला?"

"खरं सांगितलंत तर ती उद्या दारात. मग पुन्हा ती आणि मी, ही खोली, तो पलंग." त्याचा आवाज चहा ठेवणाऱ्या बायकोला ऐकू जाऊ नये एवढाच होता. "तिला इथून काढायला मला चौदा आठवडे लागले. पुन्हा नाही जमणार, ताई. आणि वजन वाढलं तर ही पडेल. तिला सांगवत नाही. रोज पाठीला काय काय लावते, वास येतो मला. तुम्ही सांगा, मी दुसरं काय करू?"

मला संताप आला. त्याचा आला, त्या पोरीचा आला, तिजोरीचा आला. सगळ्यात जास्त माझा आला. सहा वर्षं मी खाली गोण्या उचलत होते आणि त्याच चौतीस पायऱ्यांच्या वर एक एवढीशी बाई आणि एक पोरगी एक माणूस उचलत होत्या. परक्याचा हात नको म्हणाला होता एका संतापात, एका दिवशी. त्यानंतर मी कधी विचारलं होतं?

फोन वाजला.

मागे कुणीतरी जोरात हुकूम देत होतं. "काकू," ती म्हणाली. आवाज बदलला होता, जरा जाड झाला होता. "आजचा शेवटचा दिवस आहे. संध्याकाळी सही घेतात. आकडा सांगा."

कपाटानं डोळे मिटले होते.

"साठ," मी म्हटलं.

"खरंच?"

"माझ्या काट्यावर शंका घेतेस?"

"नाही, काकू. नाही." तिकडे ती हसली की रडली, मला कळलं नाही. "साठ. मग मी राहते. बाबांना सांगा, मी राहते."

वहिनी चहाचे कप घेऊन आली तेव्हा फोन बंद झाला होता. तिनं कप ठेवले, पदर खोचला आणि नवऱ्याला पलंगावर घ्यायला पुढे झाली. मी म्हटलं, "बाजूला व्हा, वहिनी."

कपाटाचं अंग ताठ झालं. मी पाय रोवले, पाठ सरळ ठेवली, श्वास घेतला. चौदा आठवडे फुकट ऐकलेलं सगळं आठवलं. मांडीनं उचललं. तो इतका हलका लागला की मी मागेच पडणार होते. त्याचं तोंड माझ्या खांद्यावर होतं, ते त्यानं भिंतीकडे वळवलं. पलंगावर ठेवला तेव्हा म्हणाला, "डावा पाय जरा लवकर पडला तुमचा." मी म्हटलं, "उद्या सुधारते."

त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ मी वर जाते. वहिनीनं आता फक्त पाय धरायचे. दुपारी बाराला दुकानाचं फाटक ओढून घेते आणि ताट संपेपर्यंत समोर बसते, खिडकी लावून. तो मला शिव्या घालतो, मी त्याला घालते. बहिणीनं चार दिवस राहायला बोलावलं होतं, जमणार नाही म्हणून कळवलं. कुठे जाणार? मधेच वर कपाटानं कूस बदलल्यासारखं वाटलं की मलाही आता खाली दुकानात बसून वरचा पलंग दिसतो. त्या पोरीला तो कसा दिसत असेल, ते मला कळायला एवढी वर्षं लागली.

काल त्याला काट्यावर बसवलं. शाल काढून, खिसे तपासून. अठ्ठावन्न भरला.

मी तिला साठ सांगितलं होतं. अजून दोन किलो खोटं शिल्लक आहे.